जोडीनं यायचं होतं

"बायको वारली माझी," धर्मा बोलून गेला, आणि मग ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं. थुंकावा तर चारचौघांत, गिळावा तर दात ठणकलेला. समोर शिकवणारी पोरगी, क्षिप्रा, हातात कागद घेऊन उभी होती. तिनं काय जगावेगळं विचारलं नव्हतं. "काका, काकू नाही आल्या? फॉर्मवर दोघांची नावं आहेत," एवढंच. आता माणसाकडं बहाण्यांना काय तोटा असतो? ताप आलाय, पाहुणे आलेत, गुरुवारचा उपास हाय, काय पण चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं, आणि धर्माच्या जिभेला तर लगामही कुणी कधी घातला नव्हता. घरी सगुणा धडधडीत जिवंत. सकाळी तिच्याच हातची भाकरी खाऊन, तिनंच धुतलेला सदरा घालून हा अलिबागला आला, आणि कोर्टाच्या मागच्या गल्लीतल्या माडीवर, आरशाच्या भिंतीपुढं उभा राहून एका दमात तिला मारून मोकळा झाला. "ओह. सॉरी काका," क्षिप्रा बोलली. कागदावरचं एक नाव तिनं पेनानं खोडलं. पेनाचा तो कर्र आवाज धर्माला पार मानेत जाणवला. "मग नाव कसं काय लिहिलं?" "सुनेनं भरला कागद. सवयीनं लिवलं असंल," धर्मा बोलला. एकदा तोंड उघडलं की दुसरं खोटं पहिल्याचं बोट धरूनच येतं, त्याला बोलवावं लागत नाही.

खाली बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: पिलाटेसची ओळख, जोडीनं या. धर्माचा मुलगा धनेश, ज्याचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात, त्यानं तो बोर्ड बघितला आणि आई-बापाचं नाव घालायला बायकोला, प्राप्तीला सांगितलं. धर्माची कंबर सकाळी उठताना धरायची. पंचवीस वर्सं ट्रक हाकला, धरणारच. डॉक्टर बोलला, व्यायाम करा. आणि सगुणाची पाठ तर काय, गावाला माहीत. तर अशी सगळी तयारी झालेली. बाकीचे आले होते जोडीनंच. एक मुंबईचं जोडपं, रो-रो बोटीनं गाडीसकट आलेलं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा जोडीच्या. दुसरे विश्वंभर आणि पद्मा, सुपारीच्या वाडीवाले, दोघं रिटायर, दोघं माडासारखी सरळ. पद्माबाई शाळेत होत्या शिकवायला. त्यांनी धर्माकडं नीट बघितलं. "तुम्ही धनेशचे वडील ना? चौथीला होता माझ्याकडे. अहो, म्हणजे सगुणाताई गेल्या? कधी?" धर्माला घाम सुटला, एसी चालू असताना. "दोन वर्सं झाली." "कशानं हो?" त्यावर काय बोलावं? हार्ट बोलावं, कॅन्सर बोलावं, असं काय काय डोक्यात आलं, आणि तोंडातून निघालं, "पाठीनं." विश्वंभर जरा हसल्यासारखे झाले. "पाठीनं कोण मरतं?" "मरतात," धर्मा बोलला. पद्माबाईंनी चुक् चुक् केलं. "मुलाला न्यायला यायच्या, खिडकीपाशी उभ्या राहायच्या. तेव्हाच किती वाकलेल्या होत्या. मला खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी वाटलं, आजी आली याची." तेव्हा सगुणा असेल तेहतिशीची. धर्माला राग आला. म्हातारीचा, म्हणजे सगुणाचाच आला, मेल्यावरसुद्धा लाज आणते म्हणून. आणि त्या रागाच्या पाठोपाठ एक मऊ ऊब अंगावर आली, कारण ती सगळी माणसं त्याच्याकडं कशी बघत होती बघा! मुंबईच्या बाईनं आपल्या नवऱ्याचा दंड धरला. एकटा पडलेला बापडा, तरी स्वतःला सावरतोय, व्यायामाला येतोय. जन्मात कुणी त्याच्याकडं असं बघितलं नव्हतं. खोटं बोलून मिळालेली ती शाल त्यानं अंगावरून काढली नाही.

क्षिप्रानं सगळ्यांना खाली चटईवर बसवलं आणि समजवायला लागली. हे जिम नाही, वजनं उचलायची नाहीत. योगासनं पण नाहीत, तरी त्यांच्या शेजारचं समजा. शंभर वर्षांपूर्वी पिलाटेस नावाचा एक जर्मन माणूस होता, लहानपणी सारखा आजारी, हाडांचा सापळा. त्यानं स्वतःचं शरीर शिकून घेतलं. लढाईत कैद झाला, तिथं आजारी माणसं खाटेवर पडलेली, त्यांना हलता येईना. तर ह्यानं खाटेच्या स्प्रिंगा काढल्या आणि खाटेलाच बांधल्या, की पडल्या पडल्या हात-पाय ओढता यावेत. तिथून हे निघालं. ती कोपऱ्यातली सरकती खाट दिसते ना, ती त्याच खाटेची नात. "म्हणजे हे मुळात कुणासाठी होतं? जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी," क्षिप्रा बोलली. "पाठ म्हणजे एक दांडा नाही. मण्यांची माळ आहे. आपण एक एक मणी हलवायला शिकतो. घाई नाही. दहा वेळा वाईट करण्यापेक्षा तीन वेळा नीट." धर्मा माना डोलवत होता, आणि डोळ्यांपुढं होती घरची पायरी.

सकाळी सगुणा पायरीवर तयार होऊन बसलेली. धनेशच्या लग्नातली हिरवी साडी, पिन लावून. चपलासुद्धा घातलेल्या, आणि चपला घालणं हे तिचं अर्ध्या घटकेचं काम. एक हात भिंतीला, पाय पुढं सरकवायचा, चप्पल अंगठ्यानं ओढायची, मग दम खायचा. "मी झाले तयार," असं बोलली. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी. धर्मानं तिच्याकडं बघितलं, आणि त्याला ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसली: त्या गुळगुळीत लादीवर, त्या माणसांमध्ये, कमरेत मोडलेली, मान वर करून बघणारी. "तू झोपणार कशी त्या लादीवर?" तो बोलला. "करवंटी उताणी ठेवल्यासारखी दिसशील. डुलत राहशील नुसती. लोकं हसतील." तिला वाटलं मस्करी आहे. धर्माचं तोंड तसलंच, तिला ठाऊक. "हसूंदेत की. हसून कुणाचा जीव गेलाय?" "न्हाय, आधी मी बघून येतो. काय कळण्यासारखं असंल तर मग बघू," असं बोलून त्यानं गाडी काढली. आरशात दिसली ती, पायरीवर तशीच, पदर सारखा करत. हात हलवला तिनं. गाडी वळणाला गेली तरी हात वरच होता, का तसा भास, आता काय सांगावं.

"उताणे झोपा. गुडघे वर. श्वास नाकानं, बरगड्यांत. पोटात नको, बाजूला, पाठीत. छत्री उघडते तसा. सोडताना तोंडानं, बेंबी आत." धर्मा झोपला. छताला पांढरी पट्टी, तीत दिवे. बरगड्या उघडायला लागल्या तशी त्याला गंमत वाटली, की इतकी जागा आत रिकामीच पडलेली होती. "आता जोडीदारानं पाठीखाली हात घालायचा. कमरेची पोकळी जाणवते का बघा. एकमेकांची पाठ ओळखा. वीस-वीस वर्षं एका घरात राहतो, आणि कुणाची पाठ कशी आहे आपल्याला माहीत नसतं." पद्माबाईंनी विश्वंभरांच्या पाठीखाली हात घातला. "वजन कमी करा, हात चेमटला माझा," असं बोलल्या आणि दोघं हसली. धर्माला जोडीदार नव्हता, तर क्षिप्राच बसली त्याच्याजवळ आणि तिनं आपला थंड हात त्याच्या कमरेखाली सरकवला. माहीत नसतं कसं? धर्मानं डोळे मिटले. मला माहीत हाय. गावात कुणाला नसंल इतकी माहीत हाय. कुठल्या मणक्यापासून वळण सुरू होतं, उजवीकडं कलतं का डावीकडं, कुठं खड्डा हाय, पाऊसपाण्याचं कुठं दुखतं. कारण ती पाठ केली कुणी? कुंभार मडकं ओळखतो तशी ओळखतो मी.

मिठागरात तेव्हा दोघं दोघं काम करायची. एक भरणार, एक वाहणार. कोंडीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यात, साचलेलं मीठ लाकडी फळीनं ओढून बांधावर काढायचं, तिथं त्याला निथळायला ठेवायचं, एक रात्र तरी. पाणी झिरपून जातं, मीठ हलकं होतं, मगच टोपलीत भरायचं. हा नियम धर्माच्या बापाला, बापाच्या बापाला ठाऊक. ओलं मीठ कुणी डोक्यावर देत नाही, बैलालासुद्धा देत नाहीत. वाहणारीनं चुंबळ सारखी करायची, खाली बसायचं आणि हाक मारायची, "हात लाव!" मग भरणाऱ्यानं टोपलीला हात लावून ती डोक्यावर चढवायची. ह्या हाकेला नाही म्हणत नसतात. वैरी असला तरी हात लावतो. धनेश झाला त्याला बावीस दिवस झाले होते. सव्वा महिना बाई चुलीपाशी जात नाही, तर मिठागराची गोष्ट सोडा. पण त्या दिवशी सकाळपासून दक्षिणेला ढग. काळे, खालपर्यंत लोंबलेले, अवेळचे. बांधावर सकाळीच ओढलेलं मीठ उघडं पडलेलं, आणि पाण्याचा एक शिपका आला की सगळं परत समुद्राचं. सगळी आळी पळत सुटली. धर्मा घरात शिरला आणि सगुणाला बोलला, "ऊठ." त्याची आई पुढं आली तर तिला बोलला, "तू बस गप, पोराला सांभाळ." ती उठली. एवढंच झालं. उठली.

"आता एक खास व्यायाम," क्षिप्राचा आवाज आला. "ह्याला हंड्रेड म्हणतात. मान उचला, पाय वर, हात बाजूला सरळ, आणि पाण्यावर थापट्या मारतो तसे हात हलवा. पाच मोजेपर्यंत श्वास घ्या, पाच मोजेपर्यंत सोडा. असं शंभर. ज्यांना मान दुखेल त्यांनी डोकं खाली ठेवा, लाज नाही त्यात." धर्मानं डोकं खाली ठेवलं नाही. पाच. दहा. टोपल्या पण तो अशाच मोजायचा, मोठ्यानं, म्हणजे पलीकडच्या बांधावरच्यांना कळावं आपण कुठवर आलो. पंधरा. मीठ त्याच सकाळी ओढलेलं, चिंब ओलं, फावडं घातलं की चिखलासारखा आवाज. वीस. त्यानं टोपली भरली, थापली, वर आणखी एक फावडं टाकलं, फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून. "हात लाव," ती बोलली. लावला. तीस. टोपलीच्या फटींतून खारं पाणी गळत होतं, तिच्या कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून. पुढून चोळी दुधानं भिजलेली, मागून मिठानं. पस्तीस. अंगावर पांढरे ओघळ वाळायला लागले. पोट जळायला लागलं धर्माचं, बेंबीच्या खाली जाळ. क्षिप्रा बोलली, "सोडू नका, श्वास रोखू नका." पन्नास. ती बोलली, "जरा निथळू द्या की." तो बोलला, "ढग बघ." साठ. बासष्टाव्या टोपलीला ती खाली बसली, त्यानं चढवली, आणि उठताना आवाज आला. कट्. सुकी काटकी मोडावी तसा. धर्मानं ऐकला तो. हीच तर गोम हाय. तिनंच ऐकला असता तर गोष्ट वेगळी होती, पण धर्माचे हात अजून टोपलीला होते, आवाज हातांतून आला. "अवो, पाठीत काय तरी झालं," ती बोलली. ओरडली नाही, मानेवर टोपली असताना ओरडता येत नाही. सांगितल्यासारखी बोलली. आणि धर्मानं हात काढून घेतले आणि मोठ्यानं बोलला, बांधावरच्यांना ऐकू जाईल असा: "बासष्ट!" पासष्ट. सत्तर. चालली ती. ऐंशी. प्रत्येक वेळी खाली बसली, प्रत्येक वेळी बोलली हात लाव, आणि त्यानं प्रत्येक वेळी लावला. नव्वद. "शेवटचे दहा," क्षिप्रा बोलली. "हसत करा!" शंभर. आणि त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. संध्याकाळी ढग वितळून गेले, लख्ख तांबडं आभाळ निघालं, आणि बाया बांधावर बसून एकमेकींना हसत होत्या, फुकट पळवलं म्हणून.

पुढची एकतीस वर्सं म्हणजे त्या कट् आवाजाचं हळूहळू वाकत जाणं. धर्मा त्याला "नाटक" म्हणायचा. "ऊठ गं नाटके," असं बोलायचा. लेप लावला, शेक दिला, गावच्या वैदूनं तुडवली, पोलादपूरकडच्या कुणी मान झटकली. मिठागरं गेली, जागेवर कंटेनरचे ढीग आले, धर्मा ट्रकवर चढला. ती घरात वाकत राहिली, आणि धर्मा वाकल्याबद्दल तिच्यावर खेकसत राहिला, दुसरं करण्यासारखं त्याला काय सुचलंच नाही कधी.

क्षिप्रा शेवटी प्रत्येकाची पाठ बघत गेली. उभं करून, मणक्यावरून बोट फिरवत. विश्वंभरांना बोलली, खांदे गोल झालेत. मुंबईवाल्याला बोलली, लॅपटॉप बंद करा. धर्मापाशी आली, बोट वरून खाली नेलं, परत वर नेलं. "काका, तुम्ही काय काम करायचात?" "मिठागरात. मग ट्रक." "खरं की काय? अहो, इतकी सुंदर पाठ! नुसते स्नायू आखडलेत, बाकी एक मणका हललेला नाही. मिठागरात लोक ओझी वाहतात ना? तुम्ही कशी काय जपलीत?" विश्वंभर बोलले, "बघा, आणि आम्ही बागाईतदार वाकडे निघालो. धर्मा, गुपित सांगा राव." सगळे बघत होते, आरशातून पण बघत होते, म्हणजे दुप्पट माणसं झाली. धर्माच्या घशाशी आलं, अगदी दातांपर्यंत आलं. की मी भरायचो. वाहायची ती. हाय ती घरात, पायरीवर बसलीय चपला घालून. "देवाची कृपा," असं बोलला तो. पद्माबाई बोलल्या, "सगुणाताईंनी सांभाळलं असेल तुम्हाला."

मग सगळ्यांना डोळे मिटून पडायला सांगितलं, पाच मिनिटं. मंद कायतरी वाजत होतं. क्षिप्रा पलीकडं टेबलाशी फोनवर बोलत होती, हळू आवाजात, "हो... अर्धी गोळी ना... बरं झालं सांगितलंत... नाही नाही, छान केलं काकांनी... हो, ऐकून फार वाईट वाटलं..." धर्मानं अर्धवट ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात एकच फिरत होतं, मुळात हे कुणासाठी होतं, जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी. ती सरकती खाट, त्या स्प्रिंगा. तिथं तिला सरळ झोपायला लागलंच नसतं, क्षिप्रानं उशा लावल्या असत्या, ती हसली असती, "झोका हाय हा," असं बोलली असती. पुढच्या गुरुवारी आणतो तिला, त्यानं ठरवलं. पोरीला बाजूला घेऊन सांगू, चूक झाली, तोंडातून गेलं. फार तर काय, चार माणसांत तोंड काळं होईल. एकतीस वर्सांत एवढं तरी. जिना उतरताना त्यानं सांगायला तोंड उघडलं पण. क्षिप्रानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलली, "काका, येत राहा. एकटेपणा वाटला तरी या." मग परत फिरून सांगायचं राहिलं. गुरुवारी सांगू.

रेवदंड्याच्या रस्त्याला लागला, गावात वळला, तर सगुणा पायरीवरच. हिरवी साडी, पिन, पायांत चपला. ऊन पायरीवरून सरकून तिच्या गुडघ्यांपर्यंत आलेलं.

"अजून हितंच बसलीस?"

"चपला काढायच्या तर वाकाया लागतं. वाकलेल्या माणसाला आणखी वाकता येत न्हाय, ही मोठी पंचाईत," ती बोलली. "काय शिकवलं?"

"श्वास घ्यायला."

"आँ? मग इतकी वर्सं काय घेत होता, विडी?" ती हसली, आणि धर्माला बरं वाटलं. वाटलं, हाच वखत हाय.

"तुझं पण इचारलं मी," तो बोलला. "गुरुवारी घेऊन या बोलली. तुझ्यासारख्यांसाठीच हाय ते, खाट हाय सरकती."

सगुणानं मान वर केली. तिला मान वर करून बघायचं तर आधी एका बाजूला कलावं लागतं, तशी कलली. "कुणाला घेऊन या बोलली?"

"तुला."

"तिचा फोन आला होता. सुनेनं कागदावर माझाच नंबर घातलाय ना. गोळी कसली घेतात इचारत होती. मी बोलले, प्रेशरची, अर्धी, सकाळची." तिनं पदरावरची नसलेली धूळ झटकली. "मग बोलली, काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं."

धर्माच्या हातात गाडीची चावी होती. ती त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकली.

"मग तू काय बोललीस?"

"काय बोलू? बोलले, व्हय, वारली. चार माणसांत नवऱ्याला खोटा पाडू? तिनं इचारलं, तुमी कोण. बोलले, घरात कामाला हाय."

गल्लीतून शेजारच्या रतनचा टेंपो गेला, भोंगा वाजवत, आणि धर्मानं सवयीनं हात केला. टेंपो गेला तरी हात खाली आणायचं त्याला सुचेना.

"आता गुरुवारी कुणाला नेता?" सगुणानं विचारलं. चिडून नाही. बाजारातून काय आणू विचारतात तसं. "मेलेली बाई जिना चढून गेली तर पोरगी भिईल बिचारी." आणि मग, "तुमच्या पाठीचं काय बोलली?"

"चांगली हाय बोलली. एक मणका हललेला न्हाय."

"असंल की," ती बोलली. आणि तिनं एक हात भिंतीला लावला, दुसरा वर केला, आणि मिठागर बंद झाल्यापासून जी हाक त्या घरात कुणी ऐकली नव्हती ती मारली. "हात लाव."

धर्मा पुढं झाला. गुडघे वाकवले, श्वास बरगड्यांत घेतला, बेंबी आत ओढली, आणि सोडता सोडता तिला उचलली, अगदी शिकवली तशी, पाठ सरळ ठेवून. वजनच नव्हतं. रात्रभर निथळलेल्या टोपलीसारखी आली वर. तिनं त्याच्या सदऱ्याला धरलं, तोल सावरला, कान त्याच्या छातीच्या खाली कुठंतरी.

"हळू," सगुणा बोलली. "पाठ जपा. घरात ती एकच हाय."